ऊहापोह पुरे, निष्कर्ष सांगा

‘प्रस्तुत शोधनिबंधात शेततळ्यांची संकल्पना, स्वरूप, महत्त्व व समस्या यांचा ऊहापोह करण्यात आला आहे.’ चर्चासत्रासाठी आलेल्या गोषवाऱ्यांचा गठ्ठा ज्यांनी एकदा तरी चाळला आहे, त्यांना हे वाक्य पाठ असते. शेततळ्यांच्या जागी बचत गट घाला, ग्रामीण कविता घाला, जीएसटी घाला. वाक्याचे काही बिघडत नाही. निष्कर्ष आधीच सांगून टाकला तर मग ऐकायला कोण येणार, असा एक समज त्यामागे असतो.

प्रत्यक्षात निवड करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा ते अडीचशे-तीनशे शब्दच असतात. संगणकशास्त्राच्या मोठ्या परिषदांत पूर्ण निबंध तपासला जातो; भाषा, सामाजिक शास्त्रे, वैद्यक या क्षेत्रांत मात्र बहुधा गोषवाऱ्यावरच फैसला होतो. वैद्यकाने तर यासाठी साचाच करून टाकला. १९८७ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकातून उद्देश, पद्धत, निष्पत्ती, निष्कर्ष अशा ठरीव मथळ्यांच्या गोषवाऱ्याचा प्रस्ताव पुढे आला. घाईतल्या डॉक्टरला आपल्या कामाचा लेख चटकन निवडता यावा, हा त्यामागचा हेतू होता. भाषेच्या किंवा इतिहासाच्या निबंधाला हे मथळे लावायची गरज नाही. पण ‘पाहिलेल्या चाळीस शेततळ्यांपैकी सव्वीस एप्रिलआधीच आटली आणि त्यांतल्या बहुतेकांना अस्तर नव्हते’ असे एक वाक्य (आकडे केवळ उदाहरणादाखल) चार ओळींच्या ऊहापोहाहून कितीतरी जास्त सांगते. शीर्षकाला ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट जोडल्याने अभ्यास चिकित्सक होत नाही, हेही जाता जाता.

काम अर्धवट असेल तर? ‘निष्कर्ष चर्चासत्रात मांडले जातील’ असे लिहून वेळ मारून नेण्याची पद्धत आहे. प्रयोगाच्या शास्त्रांत असा गोषवारा सहसा बाजूला पडतो. मानव्यविद्यांत चालतो, पण आजवरच्या वाचनातून काय म्हणावेसे वाटते आणि कोणत्या साधनांच्या आधारे, एवढे तरी त्यात हवेच.

हीच खोड पुढे पीपीटीत शिरते. प्रत्येक स्लाइडच्या डोक्यावर ‘प्रस्तावना’, ‘उद्दिष्टे’, ‘विश्लेषण’, खाली ठिपक्यांची रांग. मुद्दे ठिपक्यांखाली मांडले की सगळे स्पष्ट होते, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का गैरसमज असावा. त्याचा सर्वांत गंभीर दाखला नासाचा आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले आणि दीडेक मिनिटाच्या आत फोमचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. त्यातून धोका किती, हे यान अंतराळात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांना स्लाइडवरून सांगितले. चाचण्यांच्या आकडेवारीत पुरेशी सुरक्षित बाजू धरलेली आहे, असा भास व्हावा असे एका स्लाइडचे शीर्षक होते. त्याखाली ठिपके, उपठिपके, त्यांचेही उपठिपके. आणि अगदी तळाच्या ओळींत खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा होता ३ घन इंचांचा, प्रत्यक्ष आदळलेल्याचा अंदाज होता १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. हातातल्या आकडेवारीवरून या धडकेविषयी काही ठामपणे म्हणताच येत नव्हते, आणि शीर्षकात यायला हवे होते ते नेमके हेच.

१ फेब्रुवारीला परतताना यान कोसळले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असे कोणी म्हणत नाही. पण ऑगस्ट २००३ मधल्या चौकशी अहवालाने माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेली त्या स्लाइडची चिरफाड छापली, आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या नासातल्या सवयीवर ताशेरे ओढले.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे मायकेल अ‍ॅली यांनी सुचवलेला उपाय साधा आहे. शीर्षकात विषयाचे नाव न देता पूर्ण वाक्यात दावा लिहायचा आणि खाली त्याचा पुरावा ठेवायचा: आलेख, छायाचित्र, नकाशा, हस्तलिखिताचे पान. ‘विश्लेषण’ऐवजी ‘अस्तर नसलेली तळी आधी आटली’. असे वाक्य सुचतच नसेल, तर ती स्लाइड बहुधा नकोच असते. एका मिनिटाला एक स्लाइड वगैरे हिशोबांना फारसा अर्थ नाही.

निबंध वाचून दाखवणे म्हणजे तयारी नसणे, असेही सर्रास म्हटले जाते. ते सरसकट खरे नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य या विषयांत लिहिलेला मजकूर वाचण्याचा रिवाज जगभर आहे आणि शब्दांची नेमकी निवड जिथे महत्त्वाची, तिथे तो योग्यही आहे. चूक होते ती तीन हजार शब्दांचा निबंध दहा मिनिटांत वाचायला घेण्यात. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले तरी हजार-बाराशेच्या पुढे जाता येत नाही. मग प्रस्तावनेतच सत्राध्यक्षांची चिठ्ठी येते आणि निष्कर्ष घरी परत जातो. दहा मिनिटे अपुरी वाटतात त्यांनी क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली स्पर्धा पाहावी: पूर्ण पीएच.डी. तीन मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडवर.

गोषवारा स्वीकारला म्हणजे संशोधनावर शिक्कामोर्तब झाले, हा भ्रम मात्र महागात पडतो. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निरर्थक निबंध लिहवून घेतला आणि एका आंतरराष्ट्रीय परिषदेने तो स्वीकारलाही. वैद्यकीय परिषदांतल्या तीन लाखांहून अधिक गोषवाऱ्यांचा माग काढणाऱ्या कॉक्रेन या संशोधन-आढावा संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात त्यांतले सुमारे ३७ टक्केच पुढे पूर्ण लेख म्हणून प्रसिद्ध झालेले दिसले.

आपल्याकडे त्या भ्रमाचे नाव आयएसबीएन. शुल्क भरा, निबंध द्या, ‘आयएसबीएनसह’ पुस्तकात छापून घ्या. हा तेरा आकडी क्रमांक पुस्तकाची केवळ ओळख पटवतो. भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते. मजकूर चांगला की वाईट, याच्याशी तिचा संबंध नसतो. शिवाय नुसता गोषवारा छापल्याने पुढे नियतकालिकाची वाट सहसा बंद होत नाही, पण अख्खा निबंध अशा पुस्तकात गेला की ते काम ‘पूर्वप्रकाशित’ ठरू शकते. घाई असेल तर ती कशासाठी, हेही तपासावे. पीएच.डी.साठी दोन परिषदांतल्या सादरीकरणांची अट यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत होती; २०२२ च्या नियमांत ती नाही. तरी आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक पाहूनच ठरवावे.

राहता राहिला फाँट. आपल्या संगणकावर नीट दिसते म्हणजे सभागृहातही दिसेल, ही समजूत मराठी सादरीकरणांचा हमखास घात करते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली मराठी, तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन उमटते. गोषवाराही असाच संयोजकांच्या मेलमध्ये वाचता न येण्याजोगा पोहोचतो आणि कोणी कळवतही नाही. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा, स्लाइडची पीडीएफ करून न्यावी आणि सत्र सुरू होण्याआधी तिथल्या पडद्यावर एकदा उघडून पाहावी. चहाच्या सुट्टीत तंत्रसहायक मोकळा सापडतो.