मांजराची दुखणी

फैजपूरकडे घरोघरी दादर, गहू भरून ठेवतात. धान्य आले की उंदीर आले. म्हणून घरात मांजर हवेच. पण मांजरालाही दुखणी असतात.

पिलाचे पोट फुगले, अंग वाळले, तर पोटात जंत असावेत. ओकारी-जुलाब लागून खाणे सुटले, तर वाट पाहू नका. गुरांच्या दवाखान्यात न्या. लहान पिलू एका दिवसातही दगावते.

मांजरही पिसाळते, बरे का! ते चावले, ओरबाडले, तर जखमेला चुना-हळद लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. लगेच सरकारी दवाखाना गाठा. सांगतील तितक्या सुया पुऱ्या घ्या. रोग एकदा उमटला, की मग औषध चालत नाही.

पिलू ३ महिन्यांचे झाले, की त्यालाही लस टोचून आणा.