ट्रॉलीचे ब्रेक व टायरची झीज

महाड व पोलादपूर या तालुक्यांत सपाट रस्ता थोडा आणि चढउतार फार. पोलादपुराहून आंबेनळी घाट महाबळेश्वराकडे चढतो, महाडहून वरंधा घाट भोरकडे. वाड्यावस्त्यांकडे जाणाऱ्या लहान उतारांची तर गणतीच नाही. या रस्त्यांवरून भात, पेंढा, शेणखत व जांभा दगड वाहणाऱ्या ट्रॉलीविषयी एक तक्रार वरचेवर ऐकू येते. ब्रेक लावताच चाक जखडते, फरफटत जाते आणि टायर एकाच जागी घासून निकामी होतो.

यावर काही चालक ब्रेकचा दांडाच सोडवून ठेवतात. टायर वाचतो हे खरे. परंतु भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटू लागते व वळणावर त्याला आडवा फिरवते. पॉवर टिलरच्या बाबतीत धोका याहून अधिक आहे, कारण भार घेऊन उतरताना मुख्य भिस्त ट्रॉलीच्या ब्रेकवरच असते. म्हणून ब्रेक सोडवून न ठेवता तो कोठे अडतो ते शोधावे. हे काम वाटते तितके कठीण नाही.

प्रथम टायर नीट पाहावा. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर चाक जखडून फरफटले आहे असे समजावे. झीज टायरच्या मध्यभागी असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर हवा कमी, आणि एकाच कडेला असेल तर बहुधा आस किंवा चाक वाकडे आहे. अशा वेळी ब्रेकला दोष देऊ नये.

चट्टा आढळल्यास ट्रॉली रिकामी करून सपाट जागी उभी करावी, इतर चाकांना पुढूनमागून दगड लावावेत आणि संशयित चाक जॅकवर उचलावे. जॅक सरकण्याचा संभव असल्याने आसाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा. ब्रेक पूर्ण सोडून चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर ब्रेकचा दांडा चाकाजवळ सैल करावा. तेवढ्याने चाक मोकळे झाले तर दोष दांडा, तार, खिळा किंवा पेडल यांत आहे. चाक तरीही जड राहिले तर दोष ड्रमच्या आत आहे. तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये चाकाजवळचा हवा काढण्याचा स्क्रू किंचित उघडावा. तेल जोराने बाहेर येऊन चाक सुटले तर दाब नळीत किंवा मुख्य सिलिंडरात अडकला आहे. न सुटले तर चाकाचा सिलिंडर अथवा शू अडकले आहेत. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावेत.

आपल्याकडे ड्रमच्या आतील दोषाचे मोठे कारण पाणी होय. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचा कॅम गंजतो, शू ओढून घेणारी स्प्रिंग तुटते आणि लायनर ड्रमला चिकटून बसतो. म्हणून ट्रॉली दीर्घकाळ ठेवताना ब्रेक आवळून ठेवू नये, चाकांना दगड लावावेत. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर व सावित्रीकाठची गावे पाण्याखाली गेली होती. अशा पुरात बुडालेली ट्रॉली ड्रम उघडून गाळ काढल्यावाचून रस्त्यावर आणू नये. ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसास घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

दुसरे कारण ग्रीस. चाकात ते ठासून भरले, अथवा आतील सील फाटले, की ग्रीस लायनरवर येते. असा लायनर कधी घसरतो, तर कधी एकदम पकडतो. तो धुऊन पुन्हा बसविण्याची काटकसर करू नये. आत मुरलेले ग्रीस तापल्यावर पुन्हा वर येते. नवे लायनर दोन्ही बाजूंस एकदमच बसवावेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जखडणारे चाक नेहमीच दोषी असते असे नाही. डाव्या चाकाचा ब्रेक धरत नसेल तर चालक पेडल अधिक दाबतो आणि उजवे, निर्दोष चाक जखडते. टायर उजवा झिजतो, दुरुस्ती मात्र डाव्याची हवी असते. त्याचप्रमाणे भरलेल्या ट्रॉलीला योग्य असलेला दाब रिकाम्या ट्रॉलीचे चाक जखडवितो, कारण चाकावर भार नसतो. रिकाम्या फेरीत ब्रेक हलका व आधीपासून लावावा.

ब्रेक जुळविताना लायनर घासू लागेपर्यंत आवळावा व चाक मोकळे फिरेपर्यंत परत सैल करावा. दोन्ही चाके सारखी जुळवावीत. नंतर सपाट रस्त्यावर थोडे अंतर चालवून हात ड्रमजवळ धरावा, ड्रमला लावू नये. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा अधिक तापला असेल तर तेथे ब्रेक अजून घासत आहे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो.

घाट उतरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक-पेडले जोडणारी कडी लावून घ्यावी. सपाट चट्टा पडलेल्या टायरचे धागे दिसत असतील तर तो उतारावर वापरू नये. ब्रेक दुरुस्त झाला तरी तो टायर बदललाच पाहिजे.