गोळी रक्तात किती उतरते? प्रयोगशाळेतील आतडे आणि आपला समाज

हिंगणघाट, वर्धा, नागपूरच्या बौद्ध वस्त्यांत सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. विदर्भातील अनुसूचित जाती-जमातींमध्ये हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि आपला समाजही त्याला अपवाद नाही. या आजारावरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध तोंडावाटे घेतात. सुरुवातीची मात्रा वजनावरून ठरते. पुढे रक्त तपासून ती कमी-जास्त करतात, कारण एकच मात्रा सगळ्यांना सारखी लागू पडत नाही.

गिळलेले औषध बहुतांशी लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात उतरते. नवे औषध तयार करताना ते किती उतरेल, हे आधी तपासावे लागते. त्यासाठी प्राणी वापरतात; पण उंदराचे आतडे म्हणजे माणसाचे आतडे नव्हे. म्हणून प्रयोगशाळेत मानवी पेशी वाढवतात. त्यांत सर्वाधिक वापर 'काको-२' पेशींचा होतो. सच्छिद्र पडद्यावर सुमारे २१ दिवसांत त्यांचा आतड्याच्या अस्तरासारखा सलग थर तयार होतो. वर औषध टाकायचे आणि पडद्याखाली किती उतरले ते मोजायचे. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या पेशी देशातील प्रयोगशाळांना पुरवते.

या पेशी मूळच्या कुणाच्या? मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या ७२ वर्षांच्या एका गोऱ्या पुरुषाच्या. म्हणजे जगभरातील औषधांची परीक्षा एकाच माणसाच्या कर्करोगपेशींवर! निरोगी आतड्यातला चिकट थर त्यांत नसतो आणि औषध मोडणारी काही एन्झाइम्स फारच कमी असतात.

२००९ मध्ये नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदराच्या आतड्यातील मूळपेशींपासून इवलेसे आतडे वाढवले. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. २०११ मध्ये मानवी आतड्याचेही जमले. दुर्बिणीतून तपासणी करताना घेतलेला छोटासा तुकडा त्यासाठी पुरतो. याचा अर्थ, एकाच माणसाऐवजी अनेक माणसांच्या आतड्यांवर औषध तपासता येईल. भारत सरकारनेही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांत दुरुस्ती करून अशा प्राणीविरहित पद्धतींना मान्यता दिली. माणसांवरील चाचण्या मात्र यामुळे टळत नाहीत.

आता आपला प्रश्न. हे नमुने फक्त मोठ्या शहरांतल्या, पैसेवाल्यांच्या आतड्यांचे असतील, तर कुपोषण आणि वारंवारच्या पोटाच्या आजारांत वाढलेल्या माणसांचे काय? अशा आजारांनी अस्तर झिजले की शोषणही बदलते. आपले नमुने या संशोधनात असायलाच हवेत.

पण आपल्या अटींवर. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी तिला न विचारता ठेवून घेतल्या गेल्या. त्यांवर जगभर संशोधन झाले, कंपन्यांनी पैसा कमावला. कुटुंबाला अनेक वर्षे पत्ताही नव्हता. दलित समाजाला हा अनुभव वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून युवकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे विज्ञान समजून घ्यावे. उद्या कुणी वस्तीत नमुने मागायला आले, तर नकार देण्याआधी आणि सही करण्याआधीही विचारावे: नमुना कशासाठी? नैतिक समितीची परवानगी आहे का? संमतीपत्र मराठीत आहे का? संमती मागे घेता येईल का? त्यातून औषध निघाले, तर ते आमच्या रुग्णांना परवडेल का?

आणि सिकलसेलच्या रुग्णांनी मात्रा मनाने बदलू नये. रक्ततपासणी चुकवू नये.