‘वहिनी, साहेबांना पाठवा ना!’

मार्च महिना आला की आमच्या बचत गटाच्या वह्या माझ्या टेबलावर येऊन पडतात. चौदा जणींचे हप्ते, व्याज, बँकेचे कागद, सगळं माझ्या संगणकात. २०२१ च्या मार्चमध्ये नेमका तोच बंद पडला. उघडून पाहिलं तर मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले!

बोर्ड आणायला हे गेले. दुकानदाराने ‘एकदम लेटेस्ट’ म्हणून दिला. जुना प्रोसेसर त्यावर बसेना, म्हणून तोही नवा. संगणक सुरू झाला, पण इंटरनेट काही चालेना. माझ्याकडे लिनक्स. मी तक्रार घेऊन गेले तर दुकानदार म्हणतो, ‘‘दोष तुमच्या फुकटच्या लिनक्सचा. आणि वहिनी, साहेबांना पाठवा ना, तुम्हाला कशाला त्रास?’’

या घोळात बँकेची तारीख उलटली. एका मैत्रिणीचं शिलाई मशीनचं कर्ज महिनाभर लांबलं. ती काही बोलली नाही, पण मला मात्र ते लागून राहिलं.

मग ठरवलं, आपणच शिकायचं. कळलं ते असं, की लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर त्याच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतात. माझं लिनक्स २०१८ चं आणि बोर्डावरची नेटवर्क चिप त्यानंतरची. ओळख पटणार कशी? भाचीने पेन ड्राइव्हवर नवी आवृत्ती आणून दिली, आणि नेट सुरू!

गेल्या वर्षी गटासाठी संगणक घ्यायचा ठरला, तेव्हा दुकानात मीच गेले. मैत्रिणींनो, बोर्ड म्हणजे घर मानलं, तर चिपसेट म्हणजे घरातली कर्ती बाई. यूएसबी, हार्ड डिस्क, नेटवर्क यांची बरीचशी ये-जा तिच्या हातून होते. म्हणून आधी प्रोसेसर ठरवा, मग त्याला जुळणारा चिपसेट. एएमडीच्या एएम ४ सॉकेटला ए ५२० किंवा बी ५५०, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला एच ६१० किंवा बी ७६०. साध्या कामाला महागडा चिपसेट नको. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल, तर बायोस अद्ययावत आहे ना, हे दुकानातच विचारा.

कालच बाजारात आलेला बोर्ड घेऊ नका. वर्ष-दोन वर्षं जुना बरा, तोवर कर्नलने त्याला ओळखलेलं असतं. नेटवर्क, आवाज आणि वायफायच्या चिपचं नाव पाहा. इंटेलचं वायफाय सहसा लगेच चालतं. ब्रॉडकॉमच्या काही चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो.

आणि मुख्य म्हणजे लिनक्सचा पेन ड्राइव्ह पर्समध्ये घेऊन जा. हार्ड डिस्कला हात न लावता त्यावरूनच संगणक सुरू होतो. नेट, आवाज, प्रिंटर चालतोय का, झोपवलेला संगणक नीट जागा होतोय का, हे पैसे देण्याआधी बघा. बिलावर वॉरंटी लिहून घ्या. घरी अर्थिंग आणि यूपीएस हवाच. आपल्याकडची वीज काही भरवशाची नाही.

मी ए ५२० चा बोर्ड घेतला. नव्या संगणकावर पहिली नोंद त्याच मैत्रिणीची केली, तिचा शेवटचा हप्ता!

परवा त्याच दुकानदाराने हाक मारली, ‘‘ताई, जरा बघता का, हा बोर्ड लिनक्सवर चालेल का?’’

मला ‘वहिनी’ची ‘ताई’ झाल्याचंच जास्त बरं वाटलं.