छापील कागदाचे सौजन्य

चित्रकाराचे मूळ चित्र विकत घेऊन भिंतीवर लावण्याची ऐपत आपल्या समाजात फार थोड्यांना लाभली. कलादालनाची पायरी आयुष्यात एकदाही न चढलेली माणसे तर पेडण्यापासून काणकोणापर्यंत घरोघर आढळतील. म्हणून त्यांच्या घरांत चित्र नाही, असे मात्र कोणालाही म्हणता येणार नाही. देवघराच्या भिंतीवर तसबीर आहे, स्वयंपाकघरात दिनदर्शिका आहे, फडताळात जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे, चुलीपाशी आगपेटी आहे, उदबत्तीचा पुडा आहे आणि पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली एखादी लग्नपत्रिकाही आहे. सामान्य माणसाच्या घरी कला आली ती छापील कागदाच्या वाटेने आली, आणि तीही मिठासाबणाबरोबर, जवळजवळ फुकट आली.

या कलेला 'उपयोजित' असे नाव देऊन तिला खऱ्या कलेच्या एक पायरी खाली बसविण्याची आपली जुनी रीत आहे. ही रीत आम्हांला मान्य नाही. भित्तिपत्रक, मुखपृष्ठ, वेष्टन किंवा साधी निमंत्रणपत्रिका नीट मांडणे म्हणजे पाहणाऱ्याच्या वेळेचा, डोळ्यांचा आणि बुद्धीचा मान राखणे होय. ते एक सौजन्य आहे. आणि सौजन्य जसे श्रीमंतांपुरते राखून ठेवता येत नाही, तशी चांगली मांडणीही राखून ठेवता येत नाही. तिची पारख करणे, ती करणाऱ्याचे नाव विचारणे आणि ती जिथे नाही तिथे तिची मागणी करणे, हे समाजाच्या सुसंस्कृतपणाचे काम आहे.

अक्षराच्या आकाराला केवढे मोल असते, हे गोमंतकीयांना तरी सांगावे लागू नये. भारतातले पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये आपल्याच भूमीत, जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात उभे राहिले. पुढे साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. मराठी भाषेची थोरवी गाणारा हा ग्रंथ निघाला तो मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे येथे नव्हते. यंत्र होते, कागद होता, भाषा होती. नव्हते ते अक्षर. मराठी अक्षराला शिशात आपले रूप मिळायला त्यानंतर दीर्घ काळ जावा लागला. १८४१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मराठी पंचांग छापले, आणि १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी खिळ्यांना असे देखणे वळण दिले की, निर्णयसागरी टाइप ही पिढ्यान्पिढ्या जुळाऱ्यांच्या बोलण्यात शुद्धतेची आणि सौष्ठवाची खूणच होऊन बसली. काना, मात्रा, वेलांटी आणि शिरोरेखा यांचा मेळ घालणे हे किती कष्टाचे काम आहे, याची जाण ज्याला आहे तो छापील पान कधीही तुच्छतेने बाजूला सारणार नाही.

या परंपरेतील दोन थोर नावे आपल्या घरची आहेत. दीनानाथ दलाल हे १९१६ मध्ये मडगावला जन्मले, आणि १९४५ पासून त्यांच्या 'दीपावली' अंकाने मराठी घरांत रंगांचा वार्षिक उत्सव सुरू केला. १९७१ मध्ये ते निवर्तले, तोवर असंख्य मराठी पुस्तकांना त्यांच्या कुंचल्याने चेहरा दिला होता. रघुवीर मुळगावकर हे बार्देशातील अस्नोड्याचे. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी रंगविलेल्या देवदेवतांच्या चित्रांवरूनच अनेक घरांतील मुलांनी देवाचे रूप प्रथम ओळखले. हे दोघेही मुंबईत नावारूपाला आले, आणि दोघांनीही छापखान्यासाठी काम करण्यात कमीपणा मानला नाही. आपले चित्र हजारो प्रतींत छापले जाणार, चार रंगांच्या ठशांतून जाताना त्याची थोडी हानी होणार, दुकानाच्या दोरीला ते लटकणार आणि वर्षअखेर कदाचित रद्दीत जाणार, हे ठाऊक असूनही त्यांनी रेषेत कसूर केली नाही. लोकशाहीतल्या कलावंताची निष्ठा याहून वेगळी ती काय असते?

चित्राइतकेच अक्षराचेही आहे. वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिराती ज्यांनी आवर्जून पाहिल्या असतील त्यांना कमल शेडगे यांचे नाव विसरता येणार नाही. २०२० मध्ये हा अक्षरसम्राट गेला. नाटकाचे नाव त्यांनी असे काढावे की, ते वाचण्याआधीच ऐतिहासिक, गंभीर की विनोदी, हे नजरेला कळून जावे. दोन-तीन इंचांच्या जागेत, काळ्या-पांढऱ्या शाईत, केवळ अक्षराच्या वळणातून प्रयोगाचा स्वभाव सांगणे हा काही लहान पराक्रम नव्हे. आणि २००८ मध्ये दिवंगत झालेले र. कृ. जोशी यांनी तर हीच साधना संगणकाच्या पडद्यावर नेली. ज्या 'मंगल' टंकातून देशभरची देवनागरी संगणकावर वाचली गेली तो त्यांच्या अभ्यासाचे फळ होय. वाचणाऱ्या कोट्यवधींपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे?

मांडणीचे यश कशात असते, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिले तरी पुरे. मालवणचे जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केले, त्यात पंचांग नवे नव्हते आणि तारखाही नव्या नव्हत्या. नवी होती ती मांडणी. तारखेचा आकडा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल एवढा ठळक. तिथी, नक्षत्र आणि सणवार त्याच चौकटीत, पण आकड्याशी स्पर्धा न करता. आणि मागची बाजू कोरी न ठेवता तिथे वाचनीय मजकूर. पंचांग वाचता न येणाऱ्या गृहिणीला चतुर्थी आणि एकादशी कोणाला न विचारता कळू लागली. दूधवाल्याचा हिशेबही त्याच चौकटीत मावला. म्हणूनच ही दिनदर्शिका कोकणपट्टीपुरती राहिली नाही. नोकरीनिमित्त मराठी माणूस जिथे गेला तिथे ती त्याच्या सामानातून गेली. भोपाळला अवजड विद्युत कारखान्याच्या आसपास, इंद्रपुरीसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला संकष्टीचा चंद्रोदय पाहायचा झाला, तर भोवताली सारे जग हिंदी बोलत असताना त्याला आपल्या भाषेचा तो एवढा चौकोन पुरतो. कागदाच्या एका नीट मांडलेल्या पानाने माणसाला त्याच्या गावाशी बांधून ठेवावे, हे सामर्थ्य सामान्य नव्हे.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी १६ जानेवारी १९६७ चा दिवस आठवावा. जनमत कौलाच्या त्या दिवशी गोव्याने आपले भवितव्य दोन चित्रांतून निवडले. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळ्या संघप्रदेशासाठी दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. तो वाद येथे उकरून काढण्याचे आम्हांला प्रयोजन नाही. कोणी कोणत्याही बाजूचा असो, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचे मतही त्याच्या मनाप्रमाणेच पडले, ते त्या दोन खुणा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या ओळखता येत होत्या म्हणून. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून या देशाची लोकशाही बैलजोडी, झोपडी अशा साध्या रेखाचित्रांच्या खांद्यावर उभी आहे. चित्र संदिग्ध असते तर कौलही संदिग्ध ठरला असता.

आणि कित्येकदा तर प्रश्न थेट जिवाशी येऊन भिडतो. कीटकनाशकाच्या डब्यावर एका टोकावर उभा केलेला चौकोन असतो. १९७१ च्या नियमांनी ठरविल्याप्रमाणे त्याच्या खालच्या अर्ध्या भागात विषाच्या तीव्रतेनुसार रंग भरलेला असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. कल्पना चांगली आहे, हेतू शुद्ध आहे. परंतु शेतकऱ्याला हिरव्याचा अर्थ कोणी शिकविला? त्याच्या लेखी हिरवे म्हणजे पीक, हिरवे म्हणजे रस्त्यावरचा 'जा' म्हणणारा दिवा. डब्यावरचा हिरवाही विषाचाच रंग आहे, हे त्याला उमगणार कसे? आणि निळ्यापेक्षा पिवळा अधिक घातक, हे तरी त्याने कशावरून ताडावे? सूचनांची घडीची चिठ्ठी बारीक टंकात, अनेक भाषांत दाटीवाटीने छापलेली. ती शेताच्या बांधावर उन्हात वाचणार कोण? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, आणि तिचा सारा दोष वेष्टनावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु धोका सांगण्याचे काम ज्या कागदावर सोपविले आहे तो कागद वाचता येत नसेल, तर तो कायद्याची पूर्तता करतो. माणसाचे रक्षण करीत नाही, एवढे तरी मान्य करावेच लागेल.

औषधाच्या पट्टीचे उदाहरण तर घरोघरचे आहे. मुदत संपण्याची तारीख पट्टीच्या एका टोकाला. दुकानदाराने चार गोळ्या कापून दिल्या की तारीख दुकानातच राहते आणि गोळ्या म्हाताऱ्या आईच्या डब्यात येतात. चंदेरी पत्र्यावर फिकट, बारीक अक्षरे छापण्यात कोणाचे हित आहे? चूक सुधारता येते, याचाही दाखला आहे. मांसाहारी पदार्थांवरील तपकिरी ठिपका आणि शाकाहारी पदार्थांवरील हिरवा ठिपका हे रंग ओळखण्यात अडचण असलेल्या माणसाला सारखेच दिसत. २०२० च्या नियमांनी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आणला. एवढासा बदल, परंतु ज्याला आपले व्रत पाळायचे आहे त्याच्या दृष्टीने केवढा मोठा! रंगावर विसंबू नये, आकारानेही बोलावे, हा मांडणीशास्त्राचा जुना धडा अखेर सरकारी राजपत्रात उतरला.

मग आज आपल्या डोळ्यांपुढे काय आहे? रस्त्याच्या प्रत्येक वळणावर फ्लेक्सचे फलक, त्यांवर हात जोडलेले चेहरे आणि त्या चेहऱ्यांच्या गर्दीत हरवलेला मजकूर. जागेत बसावे म्हणून आडवी ताणलेली किंवा उभी दाबलेली अक्षरे. जोडाक्षरे मोडलेली, ऱ्हस्व-दीर्घाचे भान सुटलेले. जत्रेचे पत्रक, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका आणि औषध दुकानाची जाहिरात, सारी एकाच साच्यातून काढल्यासारखी. साधने वाढली आणि श्रम घटले, हे स्वागतार्हच आहे. परंतु साधन हाती आले म्हणून दृष्टी आपोआप येत नाही. पूर्वी खिळे जुळविणारा जुळारीही दोन ओळींमध्ये किती पट्टी टाकावी याचा विचार करी. आता तो विचार करणारा माणूसच आपण मधून काढून टाकला आहे.

याची किंमत पैशांतही मोजावी लागते. फेणीला २००९ मध्ये आणि बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपल्या मातीची चव जगाने मान्य केली. ती चव बाटलीत आणि खोक्यात भरताना मात्र विलायती मद्याच्या चिठ्ठीची नक्कल करावी, किंवा माड-समुद्र-सूर्यास्ताचे तेच ते चित्र चिकटवावे, हे कशाचे लक्षण समजायचे? ज्या गोव्याने दलाल दिले, मुळगावकर दिले, २०११ पर्यंत आपल्या गावगाड्याचे हसू रेषेत पकडणारे मारिओ मिरांडा दिले, त्या गोव्याच्या मालाला उसना चेहरा शोभत नाही.

उपाय अवघड नाहीत. पणजीचे कला महाविद्यालय १९७२ पासून उभे आहे आणि तेथे उपयोजित कलेचे शिक्षण मिळते. शासनाच्या आरोग्य, शेती आणि वाहतूक खात्यांनी आपली पत्रके सर्वांत कमी दराच्या निविदेवर न सोडता या मुलामुलींकडून करून घ्यावीत, छापण्यापूर्वी ती दहा वाड्यांवर दाखवून लोकांना कळतात की नाही हे तपासावे, आणि प्रत्येक पत्रकावर ते करणाऱ्याचे नाव छापावे. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाने ग्रंथांइतक्याच आस्थेने जुनी मुखपृष्ठे, नाट्यजाहिराती, दिनदर्शिका, वेष्टने आणि जत्रांची पत्रके जमवावीत. दर दिवाळीच्या साफसफाईत हा ठेवा किलोच्या भावाने रद्दीत जात आहे. आणखी दोन दशकांनी तो मागूनही मिळणार नाही.

परंतु सर्वांत मोठा उपाय गिऱ्हाइकाच्या हाती आहे. कोणतीही छापील वस्तू हाती आली की तीन गोष्टी पाहाव्यात. जे सांगायचे ते पहिल्या नजरेत कळते का? आतल्या वस्तूविषयी ती खरे बोलते का? आणि डोळ्यांना त्रास न देता बोलते का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले तर ती करणाऱ्याचे कौतुक करण्यात कंजुषी करू नये; लग्नपत्रिका छापणाऱ्या गावच्या छापखान्यालाही 'अक्षर छान बसविलेत' हे चार शब्द पुढच्या कामाला बळ देतात. आणि उत्तर नकारार्थी आले तर मुकाट्याने पैसे मोजून निघू नये. तांदळातला खडा दुकानदाराला दाखविण्याचा आपला हक्क आपण कधी सोडला नाही. न वाचता येणारी तारीख हाही तसाच खडा आहे, आणि तोही त्याच काउंटरवर ठेवून जाब विचारला पाहिजे.