मनोरंजन उद्याने, दिव्यांग कुटुंबीय आणि रांगेतील समता

रांग ही समतेची सर्वात सोपी व्यवस्था मानली जाते. जो आधी आला, त्याचा क्रमांक आधी. परंतु स्वमग्न मुलासह आलेल्या कुटुंबाला हीच समता अडसर ठरू शकते. गर्दी, गोंगाट आणि अनिश्चित प्रतीक्षा अशा अनेक मुलांना असह्य होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील डिस्नी उद्यानांच्या अनुभवाचा विचार केला आहे.

तेथे पूर्वीच्या सवलतपत्राचा गैरवापर होऊ लागल्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस’ सुरू झाली. तीत रांगेतील तत्कालीन प्रतीक्षाकाळ लक्षात घेऊन परतण्याची वेळ दिली जाते. तोवर कुटुंब अन्यत्र, शांत जागी थांबू शकते. म्हणजेच प्रतीक्षा टळत नाही, केवळ तिचे स्थान बदलते. २०२४ मध्ये ही सोय प्रामुख्याने स्वमग्नतेसारख्या विकासात्मक दिव्यांगत्वापुरती मर्यादित करण्यात आली. परिणामी, गैरवापर रोखताना इतर गरजू वगळले जातात काय, हा प्रश्न उभा राहिला.

आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानेही वाजवी सोयीची संकल्पना स्वीकारली आहे. ही सोय म्हणजे दया नव्हे, हक्क होय. महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपुढे क्रमांक राखून बसण्याची मुभा देणे, ही त्याची सुरुवात ठरू शकेल.