छायाचित्रांचा अल्बम: बांधणी कोणती निवडावी?

मायदेशातील घर आवरायची वेळ आली की कपाटाच्या वरच्या खणातून अल्बम निघू लागतात. काळ्या जाड पानांचे, गोंड्याच्या दोरीने बांधलेले. त्यानंतरच्या काळातले चिकट पानांचे, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली पिवळे पडलेले. आणि अलीकडचे, पुठ्ठ्यासारख्या पानांचे लग्नाचे ‘करिझ्मा’ अल्बम. पुण्यातील किंवा नाशिकमधील घर विकले जाणार असते, भावंडे न्यू जर्सी, लंडन आणि दुबई अशी विखुरलेली असतात आणि एकच संच तीन घरांत कसा वाटायचा, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी घाईने स्कॅन करून छापील पुस्तक मागवले जाते आणि मूळ छायाचित्रे एखाद्या खोक्यात जातात. बांधणीचा विचार कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक छायाचित्र किती काळ टिकेल, ते पुढच्या पिढीला सोडवून घेता येईल की नाही आणि त्याच्या पाठीवर आजोबांनी लिहिलेली नावे वाचता येतील की नाही, हे पुष्कळ अंशी बांधणीवरच ठरते.

मूळ की प्रत?

पहिला निर्णय येथेच करावा लागतो, कारण दोहोंच्या गरजा परस्परविरोधी आहेत. मूळ छायाचित्राची बांधणी उलगडता येणारी हवी. चित्राला इजा न होता ते केव्हाही बाहेर काढता आले पाहिजे. छापील प्रतीची बांधणी मात्र पक्की हवी, कारण ती हाताळण्यासाठीच असते आणि फाटली तर पुन्हा छापता येते.

चिकट अल्बम या कसोटीवर पूर्णपणे नापास होतात. 1970 आणि 1980च्या दशकांत ते घरोघरी पोहोचले. चित्र ठेवायचे, वरचे पारदर्शक आवरण दाबायचे, की काम झाले. परंतु त्या पानांचा पुठ्ठा बहुधा आम्लयुक्त असतो, चिकटद्रव्य कालांतराने घट्ट होते आणि आवरण पीव्हीसीचे असल्यास त्यातून चित्राला घातक वायू सुटतात. असा अल्बम हाती आला तर प्रथम प्रत्येक पान जसे आहे तसे टिपून घ्यावे, म्हणजे चित्रांचा क्रम आणि कडेच्या नोंदी हरवत नाहीत. मग मेण नसलेला दात साफ करण्याचा धागा चित्राच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढावा. चित्र वाकू लागले तर तेथेच थांबावे. चित्र फाटण्यापेक्षा अख्खे पान जपून ठेवलेले बरे.

मूळ छायाचित्रांसाठी तीन मार्ग

पहिला मार्ग स्क्रूच्या बांधणीचा. दोन पुठ्ठ्यांमध्ये भोके पाडलेली पाने धातूच्या पोकळ खिळ्यांवर बसवून स्क्रूने आवळली जातात. पाने वाढवता, काढता किंवा त्यांचा क्रम बदलता येतो. भावंडांकडून आणखी चित्रे येण्याची शक्यता असेल तर ही सोय मोलाची ठरते. उणीव एवढीच, की पान कण्यापासून काही अंतरावर दुमडते आणि अल्बम पूर्ण सपाट उघडत नाही. चित्रे कागदी कोपऱ्यांत अडकवावीत. गोंद किंवा सेलोटेप वापरू नये.

दुसरा मार्ग हाताने शिवलेल्या अल्बमचा. येथे एक साधा हिशेब महत्त्वाचा आहे. छायाचित्राची जाडी सुमारे पाव मिलिमीटर असते. 40 पानांच्या दोन्ही बाजूंना चित्रे लावली, तर उघडणाऱ्या कडेला 80 थर होतात, म्हणजे तब्बल 2 सेंटिमीटर. कण्याकडे मात्र ही जाडी नसते. त्यामुळे भरलेला अल्बम आ वासून राहतो आणि शिवणीवर ताण येतो. जाणकार बांधणीकार म्हणूनच दोन पानांमध्ये कण्यालगत अरुंद कागदी पट्ट्या घालतो, म्हणजे चित्रांसाठी जागा आधीच राखली जाते. अल्बम विकत घेताना तो कण्याशी फुगीर आणि कडेला सैल दिसला, तर तो दोष समजू नये. ती दूरदृष्टी असते.

तिसरा मार्ग न बांधण्याचा. पोथीची सुटी पाने कापडात गुंडाळण्याची पद्धत जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद ‘रुमाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापडी गाठोड्यांत बांधलेले असत. त्याच धर्तीवर पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या खिशांची पाने पेटीसारख्या बंद रिंग-फाइलमध्ये ठेवता येतात. खिसा पारदर्शक असल्याने चित्राची मागची बाजूही वाचता येते आणि वाटणीच्या वेळी काहीच फाडावे लागत नाही.

साहित्य घेताना ‘आम्लविरहित’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. कागद, गोंद किंवा प्लॅस्टिक यांची छायाचित्रावर रासायनिक प्रतिक्रिया होते का, हे तपासणारी आयएसओ 18916 ही चाचणी आहे. ती उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख वेष्टनावर शोधावा.

छापील प्रतींसाठी

सर्वांत स्वस्त ती परफेक्ट बाइंडिंगची पद्धत. सुटी पाने कण्याशी गरम गोंदाने जोडली जातात. नेहमीचा ईव्हीए गोंद थंडीत ठिसूळ होतो आणि उन्हाळ्यात मऊ पडतो. शिवाय गुळगुळीत कागदात तो मुरत नसल्याने पाने सुटी होतात. पीयूआर गोंद अधिक लवचिक आणि चिवट असतो. मुद्रकाला हा एक प्रश्न विचारला, तरी बराच फरक पडतो. या बांधणीत पानाचा आतला भाग कण्याकडे दडतो, म्हणून समूहचित्रातला चेहरा जोडपानाच्या मध्यावर येऊ देऊ नये.

धाग्याच्या शिलाईत दुमडलेल्या कागदांचे फर्मे घडीतून शिवून एकमेकांना जोडले जातात. दुकानदारांच्या लाल कापडी चोपड्या दिवसातून अनेकदा उघडल्या तरी वर्षभर तग धरत, त्या शिलाईच्या बळावरच. शिवलेले पुस्तक बऱ्यापैकी सपाट उघडते आणि कव्हर निखळले तरी दुसऱ्या बांधणीकाराकडून दुरुस्त होते. किंमत जास्त असली, तरी नातवंडांच्या हाती देण्याच्या पुस्तकासाठी ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे.

लेफ्लॅट अल्बममध्ये प्रत्येक जोडपान एकाच कागदावर छापून मधोमध दुमडतात आणि शेजारच्या जोडपानाशी पाठीला पाठ लावून चिकटवतात. चित्र मधे तुटत नाही, म्हणून लग्नाच्या अल्बमला ही पद्धत शोभते. मात्र तिचा सारा भार गोंदावर असतो, पाने मोजकीच बसतात आणि वजन भरपूर होते. विमानाच्या 23 किलोंच्या बॅगेत असे तीन अल्बम भरणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. स्पायरल बाइंडिंग सहलीच्या वहीपुरते ठीक. तार वाकते आणि भोकांपाशी कागद फाटतो.

कोणत्याही बांधणीत कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी. कागद हलकेच वाकवून पाहावा: ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती घडी तंतूंना समांतर असते. दिशा चुकली तर दमट हवेत पाने लहरतात आणि पुस्तक उघडताना अडखळते.

हवामान आणि जागा

आखातातील उन्हात उभ्या मोटारीत किंवा तापलेल्या माळ्यावर अल्बम ठेवल्यास गोंद सुटतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी धरते. सापेक्ष आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असलेली अंधारी, थंड जागा चांगली. तळघर आणि माळा दोन्ही टाळावेत. जड अल्बम उभा न ठेवता आडवा ठेवावा, नाहीतर पानांच्या ओझ्याने कणा खाली ओढला जातो.

निवडीचा सारांश

मूळ चित्रांसाठी खिशांची पाने किंवा स्क्रूची बांधणी, तीही कुटुंबातल्या एकाच घरी, सर्वांच्या संमतीने. प्रत्येक भावंडासाठी शिवलेली छापील प्रत. समारंभाच्या मोजक्या चित्रांसाठी लेफ्लॅट. असे त्रिविध नियोजन केले, तर वाटणी चित्रांची होत नाही, प्रतींची होते.

या सर्वांआधी करायचे एक काम मात्र कोणताही बांधणीकार करून देऊ शकत नाही. चित्रातील माणसे ओळखणारी आत्या किंवा मामा आज फोनवर उपलब्ध आहेत, तोवर नावे, नाते, गाव आणि अंदाजे साल विचारून घ्यावे. जुन्या कागदी चित्राच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने लिहावे. नव्या प्लॅस्टिक-लेपाच्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेथे रंगद्रव्याच्या शाईचे पेन वापरून शाई पूर्ण वाळू द्यावी. बॉलपेन टाळावे, त्याचा वळ पुढे उमटतो. बांधणी बिघडली तर पुन्हा करता येते. नाव सांगणारे माणूस गेले, की उत्तम शिवलेल्या अल्बममध्येही अनोळखी चेहरेच उरतात.